क्रेव्हन

क्रेव्हन : भेकड, धीर सोडलेला या अर्थाचा इंग्रजी शब्द. आधुनिक इंग्रजीत तो निंदाव्यंजक विशेषण म्हणून योजिला जातो. ‘क्राय क्रेव्हन’ म्हणजे हार पत्करणे, कच खाणे. हा जुना वाक्प्रचार शब्दाच्या मूळ जागेकडे, म्हणजे मध्ययुगीन इंग्लंडमधील न्यायालयीन द्वंद्वाच्या रिंगणाकडे बोट दाखवितो.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी लेखनात ‘क्रॅवंट’ असे रूप आढळते व त्याचा अर्थ केवळ ‘पराभूत’ एवढाच आहे. प्राचीन फ्रेंचमधील ‘चिरडणे, पाडणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून व अंतिमतः लॅटिन ‘क्रेपारे’ (तडकणे, फुटणे) या धातूपासून तो आला असावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ‘क्रेव्ह’ (याचना करणे) या क्रियापदाशी त्याचा जोडला जाणारा संबंध आकर्षक असला, तरी जुन्या रूपांचा त्याला आधार मिळत नाही. यॉर्कशरमधील क्रेव्हन या प्रदेशनामाशीही त्याचा संबंध नाही.

द्वंद्वाने न्यायनिवाडा करण्याची प्रथा नॉर्मन लोकांनी १०६६ नंतर इंग्लंडमध्ये आणली. जमिनीच्या मालकीच्या दाव्यात पक्षकारांतर्फे प्रतियोद्धे लढत. फौजदारी फिर्यादीत फिर्यादी व आरोपी यांना स्वतः उतरावे लागे. स्त्रिया, धर्मगुरू, साठीपुढील वृद्ध व अपंग यांना सूट होती. जमिनीच्या दाव्यात शस्त्र म्हणजे एक एल (सुमारे ११४ सेंमी.) लांबीचा सोटा आणि चौकोनी चामडी ढाल. झुंज सूर्योदयापासून आकाशात तारे दिसेपर्यंत चाले व तोवर टिकून राहिल्यास प्रतिवादी किंवा आरोपी जिंकला असे मानीत. थकलेल्याने ‘क्रेव्हन’ हा शब्द उच्चारला, की निकाल लागे.

या एका शब्दाची किंमत मोठी होती. हरलेल्या प्रतियोद्ध्यास साठ शिलिंग दंड होई, हे बाराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या व ग्लॅनव्हिलच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथावरून कळते. शिवाय ‘स्वतंत्र व कायदेशीर माणूस’ ही त्याची पात्रता नष्ट होई. त्याला पुढे साक्ष देता येत नसे, की पंचांत बसता येत नसे. दिवसभर सोट्याचे घाव सोसलेल्या माणसाला भित्रा म्हणणे आज अन्यायाचे वाटेल; पण मूळ आरोप भित्रेपणाचा नव्हताच. आपण किंवा आपल्या वडिलांनी वादीचा हक्क प्रत्यक्ष पाहिला आहे, अशी शपथ वादीच्या प्रतियोद्ध्यास घ्यावी लागे. पराभव म्हणजे ती शपथ खोटी असल्याचा ईश्वरी कौल समजला जाई. म्हणजे कलंक खोट्या शपथेचा होता. (मराठेशाहीत वाद हरलेला पक्ष जिंकणाऱ्यास येजितखत लिहून देई; तेथे पराभवाची कबुली कागदावर राही, येथे ती तोंडून वदविली जाई.) १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने शपथेतील ही अट काढून टाकली. प्रतियोद्धे उघडपणे भाडोत्री झाले आणि शब्दातील असत्याचा भाग ओसरून भ्याडपणाचा उरला. शेक्सपिअरच्या काळी तर झुंजीतून पळणाऱ्या कोंबड्यासही तो लावीत. अठराव्या शतकात विधिज्ञ ब्लॅकस्टोनने या शब्दाची नोंद घेतली, ती निश्चित अर्थापेक्षा मानहानीच अधिक सुचविणारा शब्द म्हणून.

दुसऱ्या हेन्रीने ११७९ च्या सुमारास जमिनीच्या दाव्यांत द्वंद्वाऐवजी पंचांच्या निवाड्याचा पर्याय दिला व प्रथा मागे पडत गेली. कायद्यातून मात्र ती गेली नाही. १८१७ मध्ये बर्मिंगहॅमजवळील मेरी ॲशफर्ड या तरुणीच्या मृत्यूबद्दल अब्राहम थॉर्नटन निर्दोष सुटला. तिचा भाऊ विल्यम याने पुन्हा फिर्याद करताच थॉर्नटनने वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हातमोजा फेकून द्वंद्वाचे आव्हान दिले. न्यायाधीश एलनबरो व त्यांचे सहकारी यांना एप्रिल १८१८ मध्ये हा हक्क मान्य करावा लागला. थॉर्नटन धिप्पाड होता, विल्यम किरकोळ शरीराचा. त्याने लढण्याचे नाकारले आणि थॉर्नटन सुटला. पार्लमेंटने १८१९ मध्ये ही पद्धत कायद्याने रद्द केली.