आश्रमाचे दार कोणत्या बाजूस उघडते?

महाराष्ट्रातील अनाथाश्रमांचा व महिलाश्रमांचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. आत आलेली बाई किंवा मूल पुढे बाहेर कसे पडले, कोणत्या बळावर पडले, हा प्रश्न तेथे तळटीपेपुरता येतो. स्त्रियांची आत्मचरित्रे वर्गात शिकवताना आम्हांला मात्र तोच प्रश्न मुख्य वाटू लागला.

१८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा पहिली निकड जीव वाचवण्याची होती. वाचलेल्या जीवाने पुढे खावे काय, हा विचार नंतरचा. काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंताला, जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतले, शिकवले आणि १८८७च्या मृत्युपत्रात वारस केले. तो डॉक्टर झाला. म्हणजे त्याला निवारा मिळाला, शिवाय नाव आणि हक्कही मिळाला. हा फरक लहान नाही. आज अठराव्या वर्षी बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी २०१५च्या कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय केली आहे आणि २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठेवले. पण आईबापांचे नाव आणि जात विचारणाऱ्या अर्जाच्या रकान्यांपुढे ही मुले अडखळतातच.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले ते अमेरिकेत हिंडून उभ्या केलेल्या मदतीवर. बॉस्टनला स्थापन झालेल्या मंडळीने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन दिले होते. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास आले. १८९३ साली धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठले, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. दोन्ही पक्षांना आपापल्या तत्त्वाची काळजी होती, हे आम्ही नाकारत नाही. मात्र त्या वादात मुली कुणाच्या ताब्यात असाव्यात याचाच खल अधिक झाला. त्यांना स्वतःला कुठे राहायचे आहे, ही गोष्ट बाजूलाच पडली.

दुष्काळानंतर केडगावला चित्र पालटले. १८९६-९७ साली रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना परत नेणारे कुणी नव्हते. तेथे विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना अशी कामे निघाली. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे याच स्त्रियांनी जुळवले. ज्यांना घरच नव्हते त्यांच्या हाती धंदा आधी आला, हा योगायोग आम्हांला वाटत नाही. पालकांची मर्जी सांभाळण्याचा भार तेथे नव्हता.

अण्णासाहेब कर्वे यांनी हा भार पुरता ओळखला होता. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांचा बहिष्कार सोसला. तरीही १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढताना विधवाविवाहाचा प्रचार त्यांनी संस्थेपासून दूर ठेवला. आश्रम शिक्षणापुरता. हा भित्रेपणा म्हणावा काय? आमच्यातही यावर एकमत नाही. एवढे खरे की विवाहाचे नाव काढले असते तर देणगीदार आणि मुली दोन्ही आटले असते. आणि हेही खरे की देणाऱ्याच्या भीतीने घेणारीच्या वाटा ठरत होत्या.

याला छेद देणारे नाव पार्वतीबाई आठवले यांचे. गोदूबाईंची ही बहीण. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी मुलगा, अक्षरओळख नाही. ऐन पंचविशीच्या पुढे त्या शिकायला बसल्या, पुढे आश्रमाच्या कामात शिरल्या आणि गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. कालची आश्रित आज दात्याच्या दारात संस्थेच्या वतीने उभी! दाता नाही म्हणाला तर काय ऐकावे लागते, हे त्यांच्याइतके क्वचितच कुणाला ठाऊक असेल. १९१८ साली, पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, त्या इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले आणि १९२० साली परतल्यावर पुन्हा हिंगण्याच्याच कामाला लागल्या.