व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलताना : हेड न उतरवताही होणारे, पण जपून करावयाचे काम

बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता सपाटी सोडून घाट चढू लागला की गाडीच्या इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून घडवलेल्या या जिल्ह्याच्या नावातच घाट आहे. मध्य प्रदेशातील या जंगलमय जिल्ह्याचा आणि आपल्या किनारी राज्याचा तसा संबंध थोडा. परंतु चोर्ला किंवा अनमोड घाटातून गाडी नेणाऱ्याला हा अनुभव परका नाही. चढताना इंजिनावर भार येतो आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये त्याचे फेरे अनावर वाढू शकतात. अशा वेळी ज्या लहानशा भागावर सर्वाधिक ताण पडतो, तो म्हणजे व्हॉल्व्ह स्प्रिंग.

स्प्रिंगचे काम

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा-इंधन आत घेणारा आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा असे किमान दोन व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, असतात. मारुती ८०० च्या सुरुवातीच्या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनात असे सहा व्हॉल्व्ह होते. अल्टोच्या ७९६ सीसी इंजिनात ते बारा झाले. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. तो मिटवण्याचे काम मात्र सर्वस्वी स्प्रिंगचे असते.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना कॅमशाफ्ट १,५०० फेरे घेतो. याचा अर्थ प्रत्येक स्प्रिंग सेकंदाला २५ वेळा दबते आणि सुटते. तासाभरात हा आकडा ९० हजारांवर जातो आणि हजार तासांत नऊ कोटींवर. फेरे मर्यादेपलीकडे गेले की स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत मागे खेचू शकत नाही. व्हॉल्व्ह अधांतरी राहतो आणि काही इंजिनांत तो वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतो. ही मर्यादा ओलांडण्यासाठी रेनोने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात धातूच्या स्प्रिंगऐवजी दाबाखालील वायूचा वापर केला. आपल्या गाड्यांमध्ये मात्र पोलादी वेटोळ्यांचेच राज्य आहे.

पोलाद आणि बालाघाटचे मँगनीज

व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्रोम-सिलिकॉन पोलादी तारेत साधारण ०.५१ ते ०.५९ टक्के कार्बन, १.२ ते १.६ टक्के सिलिकॉन, ०.६ ते ०.८ टक्के क्रोमियम आणि तितकेच मँगनीज असते. मँगनीज पोलादाला कणखरपणा देते. या धातूच्या खनिजासाठी बालाघाट देशात ओळखले जाते. शहरालगतच्या भरवेली येथील भूमिगत खाण 'मॉइल' या सार्वजनिक उपक्रमाची असून तिचे मुख्यालय नागपुरात आहे. तेथील खनिजाचा मोठा ग्राहक पोलाद उद्योगच होय.

उत्तम पोलादाची स्प्रिंगही तुटते, आणि बहुधा पृष्ठभागावरील एखाद्या सूक्ष्म ओरखड्यापासून किंवा गंजाच्या खड्ड्यापासून ती तुटू लागते. म्हणूनच कारखान्यात बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून तिचा पृष्ठभाग घट्ट केला जातो. महिनोन्महिने बंद राहिलेल्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, टॅपेट कव्हरखाली दमटपणा साचतो आणि स्प्रिंगवर गंज चढू शकतो. गाडी 'चाललीच नाही, मग बिघडली कशी' या प्रश्नाचे उत्तर कधी कधी येथे असते.

लक्षणे आणि निदान

स्प्रिंग सैल पडली की कमी वेगात इंजिन ठीक चालते. फेरे वाढताच ते अडखळते. तुटली तर एका लयीत टकटक ऐकू येते, एक सिलिंडर काम करीत नाही आणि आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग असल्यास कार्बोरेटर किंवा एअर फिल्टरच्या बाजूने फटके ऐकू येतात. अशी गाडी चालवत राहणे धोक्याचे आहे. स्प्रिंगचे दोन तुकडे एकमेकांत गुंतून काही काळ काम निभावतात. पण त्यांची पकड सुटली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि पिस्टन, हेड व सिलिंडर यांचे एकदमच नुकसान होते. काही शे रुपयांचा भाग अशा वेळी संपूर्ण इंजिनाचा खर्च उभा करतो.

टॅपेट कव्हर काढून उजेडात पाहिल्यास तुटलेली स्प्रिंग बहुधा डोळ्यांना दिसते. न दिसल्यास कॉम्प्रेशन तपासावे. 'हेड उतरवावे लागेल' हा निर्णय या दोन गोष्टींनंतर घ्यावयाचा असतो, आधी नव्हे.

मुख्य प्रश्न : व्हॉल्व्ह वर कसा धरायचा?

स्प्रिंग काढताच व्हॉल्व्हला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. तो सिलिंडरमध्ये घसरला तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. या कामाचे सारे कौशल्य या एका गोष्टीत आहे. त्यासाठी दोन रीती रूढ आहेत.

पहिली रीत हवेच्या दाबाची. इंजिन थंड असताना बॅटरीची जोडणी सोडवून सर्व प्लग काढतात. ज्या सिलिंडरचे काम करावयाचे त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, सर्वांत वर आणतात. मग प्लगच्या जागी अडॅप्टर बसवून साधारण ९० ते १०० पौंड दाबाची हवा सोडतात. चाकात आपण सुमारे ३० पौंड हवा भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दाबाची कल्पना येईल. ७९६ सीसी इंजिनाच्या ६८.५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर १०० पौंड दाब आला की अडीचशे किलोहून अधिक बल लागते. पिस्टन किंचितही पुढे-मागे असला तर हे बल क्रँकशाफ्ट झटक्याने फिरवते. म्हणून हवा सोडण्यापूर्वी क्रँकच्या नटावरील पाना काढलाच पाहिजे आणि हात पट्ट्यांपासून दूर हवेत.

दुसरी रीत दोरीची. पिस्टन वरच्या टोकापासून थोडा खाली असताना, कॉम्प्रेशनच्याच वेळी, प्लगच्या छिद्रातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सोडतात; टोक बाहेर ठेवतात. मग क्रँक हाताने हळूहळू फिरवला की वर येणारा पिस्टन दोरीचा गठ्ठा व्हॉल्व्हवर दाबून धरतो. कंप्रेसर नसलेल्या गावातही हे साधते आणि वीज गेली तरी व्हॉल्व्ह पडत नाही. सुतळी मात्र वापरू नये. तिचे तंतू आत राहतात.

उभ्या व्हॉल्व्हच्या अनेक डिझेल इंजिनांत पिस्टन सर्वांत वर आला की व्हॉल्व्ह फार खाली घसरूच शकत नाही. तरीही कोणती रीत लागू पडते, याचा अंतिम शब्द त्या गाडीच्या कार्यपुस्तिकेचाच.

काढणे आणि बसवणे

आधी रॉकर बाजूला करतात. काही इंजिनांत कॅमशाफ्टही काढावा लागतो. तेव्हा टायमिंगच्या खुणा जुळवून ठेवल्याशिवाय बेल्टला हात लावू नये. तेल खाली उतरण्याची छिद्रे स्वच्छ फडक्याने बंद करतात, कारण एक लॉक आत पडले तर दिवस वाया जातो. स्प्रिंगच्या टोपीवर सॉकेट ठेवून हलका ठोका दिला की चिकटलेली लॉक सुटी होतात. मग स्प्रिंग दाबणारे साधन लावून दोन्ही लॉक चुंबकाने उचलतात आणि दाब सावकाश सोडून टोपी व स्प्रिंग काढतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

स्प्रिंग निघाली की व्हॉल्व्हचे ऑइल सीलही बदलावे. नवे सील बसवताना दांड्यावरील खाचेवर प्लास्टिकची नळी चढवतात, अन्यथा त्या खाचेच्या कडेने सील कापते. व्हॉल्व्हचा दांडा बोटाने हलवून पाहावा. तो फार खेळत असेल तर दोष स्प्रिंगपुरता नाही.

नवी स्प्रिंग बसवताना, वेटोळी एका बाजूला जवळजवळ असतील तर ती बाजू हेडकडे ठेवतात. लॉक ग्रीसने चिकटवून जागेवर बसवतात, दाब सोडतात आणि मऊ हातोडीचा ठोका देऊन ती खाचेत पक्की बसल्याची खात्री करतात. मग टॅपेटचे अंतर जुळवतात आणि इंजिन चालू करण्यापूर्वी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात. कोठेही अडल्यास तेथेच थांबावे.

एक स्प्रिंग तुटली असल्यास उरलेल्याही तितकीच वर्षे राबलेल्या असतात. त्या मोजाव्यात : मोकळी लांबी, सरळपणा आणि ठरावीक उंचीला दाबल्यावरचे बल. बल साधारण दहा टक्क्यांहून घटलेली स्प्रिंग बाद समजतात. मोजण्याची सोय नसल्यास संपूर्ण संच बदलणे शहाणपणाचे.

हेड केव्हा उतरवावे?

हवेची रीत वापरताना एक फुकटची तपासणीही होते. सोडलेली हवा सायलेन्सरमधून किंवा हवा आत घेण्याच्या मार्गातून सुसाट निघाली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तेल भरण्याच्या तोंडातून जोराने निघाली तर रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केटचा संशय घ्यावा. व्हॉल्व्ह बसत नसेल, वाकला असेल किंवा गॅस्केट गेले असेल, तर हेड उतरवणे अटळ आहे. रिंगांचे काम तर त्याहून मोठे.

बहुसंख्य वाचक हे काम स्वतः करणार नाहीत आणि अनुभव नसताना करूही नये. परंतु गॅरेजमध्ये गाडी उभी असताना तीन गोष्टी विचारता येतात : कॉम्प्रेशन तपासले का, तुटलेली स्प्रिंग दाखवता का, आणि हेड उतरवण्याचे कारण कोणते? चांगला मेकॅनिक यांची उत्तरे आनंदाने देतो. मोकळ्या रस्त्यावर टकटक ऐकू आली तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. घाट सुरू होण्यापूर्वीच थांबलेली गाडी बहुधा एका स्प्रिंगच्या खर्चावर सुटते.