रेडफर्नचा दवाखाना

मंडळी, लस टोचून घेणे म्हणजे काही डोंगर उचलणे नव्हे. बाही वर करायची, क्षणभर डोळे मिटायचे, पाव तास बाकावर बसायचे आणि घरी यायचे. २०२१ साली करोनाची लस आली तेव्हा आपण बहुतेकांनी हेच केले. पण त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या एखाद्या आजीला ती बाही वर करण्याआधी पुष्कळ विचार करावा लागला. तो का, हे कळायला फार मागे जावे लागेल.

१७८८ च्या जानेवारीत इंग्रजांची ११ जहाजे आजच्या सिडनीच्या बंदरात येऊन लागली. त्यांतून उतरले ते बहुतेक कैदी आणि त्यांच्यावरचे पहारेकरी. त्या किनाऱ्यावर हजारो वर्षे राहणाऱ्या लोकांना कोणी विचारले नाही. पुढच्याच वर्षी, १७८९ च्या एप्रिलात, तिथे देवीची साथ फुटली. खाडीच्या कडेला, खडकांच्या कपारीत प्रेते दिसू लागली. आपली निम्मी माणसे गेली, असे बेनेलाँग नावाच्या तिथल्याच माणसाने पुढे गव्हर्नर फिलिपला सांगितले. गोऱ्यांच्या वसाहतीला मात्र ह्या साथीची झळ जवळजवळ लागली नाही. ती आली कुठून, ह्यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. देवी काढण्यासाठी देवीच्या फोडांतला द्रव बाटल्यांत भरून डॉक्टरांनी जहाजावरून आणला होता, एवढे मात्र त्या काळच्या लिखाणात नोंदलेले आहे.

ह्या साथीत एक माणूस विसरू नये असा आहे. त्याचे नाव अराबानू. आदल्या वर्षअखेर इंग्रजांनी त्याला समुद्रकाठी धरून नेले होते. त्याची भाषा शिकावी, त्याच्यामार्फत बोलणी करावी, हा हेतू. पळून जाऊ नये म्हणून मनगटाला बेडी! साथ आली तेव्हा आजारी पोरांना वसाहतीत आणण्यात आले आणि त्यांची शुश्रूषा ह्याच अराबानूने केली. मुले वाचली. अराबानू मे महिन्यात देवीनेच गेला.

पुढची शंभर-दीडशे वर्षे मी भराभर ओलांडतो, कारण त्यांची कथा सगळीकडे सारखीच आहे. जमिनी गेल्या. उरलेल्यांना सरकारी वस्त्यांत आणि मिशनांत ठेवले. लग्नाला परवानगी, प्रवासाला परवानगी, आपल्याच मजुरीच्या पैशाला हात लावायला परवानगी. आणि सर्वांत वाईट म्हणजे आईबापांपासून मुले तोडून नेण्याचा कारभार. विसाव्या शतकात तो सत्तरीच्या सुमारापर्यंत चालला. ही मुले पोलीस नेत, सरकारी बाई नेई आणि पुष्कळदा ती इस्पितळातूनच नेली जात. बाळंतीण शुद्धीवर येई तो पाळणा रिकामा. १९९७ च्या चौकशी अहवालात असल्या हकीकती शेकड्यांनी आल्या. २००८ च्या १३ फेब्रुवारीला पंतप्रधान केव्हिन रड ह्यांनी पार्लमेंटात उभे राहून माफी मागितली. आता सांगा, ज्या बाईने इस्पितळात लेकरू गमावले, तिची नात इस्पितळाची पायरी सहज चढेल काय?

म्हणून १९७१ साल महत्त्वाचे. सिडनी शहरात रेडफर्न नावाचा भाग आहे, तो तेव्हा गरिबांचा होता. रेल्वेचे कारखाने जवळ, भाडे कमी, म्हणून खेड्यांतून आलेले मूळ रहिवासी तिथे दाटीने राहत. डॉक्टर शहरात पैशाला पासरी होते, पण ह्या लोकांना त्यांचा उपयोग काय? तेव्हा देशात सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा नव्हता. तो १९७५ साली आला. फी कुठून द्यायची? आणि पैसे असले तरी बाकावर बसल्यावर मिळणारी ती तिरकी नजर! दुखणे अंगावर काढणे बरे, असे लोक म्हणत.

तेव्हा काही माणसे पुढे आली. गॉर्डन ब्रिस्को हे मूळ रहिवाशांपैकीच. शर्ली स्मिथ ही विराड्जुरी जमातीची बाई; तुरुंगातल्या पोरांना भेटत फिरायची, म्हणून सगळे तिला आईच म्हणत. त्यांच्या जोडीला फ्रेड हॉलोज हे नेत्रवैद्य. ते गोरे, पण आपल्या विद्येचा तोरा न मिरवणारे. जुलै १९७१ मध्ये एका साध्या दुकानाच्या गाळ्यात दवाखाना उघडला. डॉक्टर विनावेतन येत. रोग्याकडून पैसे नाहीत.

असे धर्मादाय दवाखाने जगात पुष्कळ झाले, मग ह्यात विशेष ते काय? विशेष हे की दवाखान्याचे मालक रोगीच होते. कारभार मूळ रहिवाशांनी निवडलेल्या मंडळाकडे. डॉक्टर नेमायचा त्यांनी, तो कसा वागतो हे पाहायचेही त्यांनीच. दारात बसणारी बाई आपल्यातली, आपल्या मामा-मावशीची नावे जाणणारी. माझ्या मते हॉलोज ह्यांच्या विद्येइतकेच, किंबहुना काकणभर जास्तच, महत्त्व ह्या दारातल्या बाईला आहे. रेडफर्नचे पाहून १९७३ साली मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात असाच दवाखाना निघाला आणि मग गावोगाव निघाले. आज त्या देशात असे १४० हून अधिक दवाखाने आणि आरोग्यसंस्था आहेत.

करोना आला तेव्हा ह्यांनी वाट पाहिली नाही. मार्च २०२० मध्येच दूरच्या वस्त्यांच्या वाटा बाहेरच्यांना बंद झाल्या. त्या साली मूळ रहिवाशांत करोनाने एकही मृत्यू झाला नाही. पहिला झाला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, डब्बो गावी.

लस २०२१ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. मूळ रहिवाशांपैकी ५५ वर्षांवरच्यांचा नंबर मार्चपासून लागला. पहिल्यांदा मुख्य भर होता तो ॲस्ट्राझेनेकाच्या लसीवर. तीच बरं का, जी आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोविशील्ड नावाने तयार होत होती. त्यांच्याकडे ती मेलबर्नला होई. तिच्यामुळे क्वचित रक्तात गुठळ्या होतात असे दिसले आणि एप्रिलात सरकारने सांगितले, पन्नाशीच्या आतल्यांना फायझरची लस बरी. जूनमध्ये तीच मर्यादा साठीवर गेली. शास्त्राच्या दृष्टीने हे प्रामाणिकपणाचेच होते. पण ज्याचा सरकारवर मुळातच भरवसा नाही, त्याला काय वाटले असेल? त्यात फोनवरून फिरणाऱ्या अफवा. आणि फायझरची लस पुरेशी आलेलीच नव्हती.

अशा वेळी हे दवाखाने कामी आले. वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः टोचून घेतले, मग पोरासोरांना आणले. ओळखीची नर्स दारी आली, शंका ऐकून घेतल्या. जी आजी शहरच्या इस्पितळात गेली नसती, ती इथे चहा पिऊन बाही वर करती झाली.

पण विश्वासाने सगळे भागत नाही. गुरुजींनी मुलांना नकाशात विल्कॅनिया दाखवावे. सिडनीच्या पश्चिमेला ९०० किलोमीटरांहून दूर, डार्लिंग नदीच्या काठी, बार्किंजी लोकांचे गाव. वस्ती साडेसातशेच्या आसपास. घरे थोडी, माणसे फार. एकेका घरात तीन-तीन पिढ्या. इथली आरोग्यसंस्था मारी मा. तिने मार्च २०२० मध्येच केंद्रातल्या मंत्र्यांना लिहिले होते, की एवढ्या दाटीत रोग शिरला तर आजाऱ्याला वेगळे ठेवायला जागा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रोग शिरला. लस घेतलेले तोवर थोडेच होते. दीडशेच्या आसपास लोकांना लागण झाली, म्हणजे पाचांतल्या एकाला. आजारी माणसे अंगणात तंबू ठोकून निजली, आणि तिकडचा ऑगस्ट हा थंडीचा महिना. सरकारने लस टोचायला लष्कराची पथके त्या मुलखात धाडली. जवान बिचारे मदतीलाच आले होते, पण गणवेश पाहून म्हाताऱ्यांना कोणते दिवस आठवले असतील ते सांगायला नको.

विल्कॅनियाला स्वतःचे एक लहानसे रेडिओ केंद्र आहे. तिथली माणसे त्या दिवसांत गावाच्याच बोलीत सांगत होती, की घरातच थांबा, लस घ्या. बोलणे झाले की तीच माणसे गाडीत अन्नाच्या पेट्या भरत आणि उंबऱ्याबाहेर ठेवून येत. आजाऱ्यांना वेगळे राहायला म्हणून सरकारने ३० फिरती घरे गावात आणली, ती सप्टेंबरात. मारी माच्या पत्राला तेव्हा जवळजवळ दीड वर्ष झाले होते.