पाळीव गोम

पाळीव गोम म्हणजे निरीक्षणासाठी घरात बंदिस्त पेटीत ठेवलेली गोम होय. गोम हा संधिपाद संघातील किलोपोडा वर्गाचा निशाचर व मांसाहारी प्राणी असून मोठ्या गोमीस घोण असेही म्हणतात. छंद म्हणून मुख्यतः स्कोलोपेंड्रा प्रजातीतील जाती पाळल्या जातात. त्यांना बहुधा पायांच्या २१ जोड्या असतात. प्रौढ गोमीत ही संख्या सामान्यतः विषम असल्याने ‘शतपाद’ हे नाव शब्दशः खरे ठरत नाही.

निवड

दक्षिण अमेरिकेतील स्कोलोपेंड्रा जायगँशिया सुमारे ३० सेंमी.पर्यंत वाढते. भारतातील स्कोलोपेंड्रा हार्डविकी काळ्या-नारिंगी पट्ट्यांमुळे लक्ष वेधून घेते; तथापि केवळ रंगावर भुलून निवड करू नये. रानातून पकडलेल्या गोमीचे वय कळत नाही व तिच्या शरीरात परजीवी असू शकतात, म्हणून बंदिवासात जन्मलेली गोम श्रेयस्कर. एखादा पाय तुटलेला असणे हा मोठा दोष नव्हे; कात टाकताना तो पुन्हा वाढतो.

निवास

गोमीच्या त्वचेवर कीटकांप्रमाणे जलरोधक मेणाचा थर नसतो. कोरड्या हवेत तिच्या शरीरातील पाणी झपाट्याने उडून जाते आणि ती मरते. बंदिवासातील गोमीला उपासमारीपेक्षा कोरडेपणाचा धोका अधिक असतो. यासाठी पेटीत नारळाच्या भुशाचा किंवा मातीचा जाड, ओलसर थर, झाडाची साल व पाण्याची उथळ वाटी ठेवतात. एक बाजू थोडी कोरडी ठेवावी. चिखल झाल्यास बुरशी येते. पेटीची उंची गोमीच्या लांबीहून अधिक हवी, कारण ती मागच्या पायांवर उभी राहून झाकणाची कड गाठते. झाकण घट्ट बसणारे व हवेची छिद्रे तिच्या डोक्याहून लहान असावीत. एका पेटीत एकच गोम ठेवावी, अन्यथा एक दुसरीला खाते.

आहार

मोठ्या गोमीला आठवड्यातून एखादे झुरळ किंवा रातकिडा पुरतो. घरातील झुरळे देऊ नयेत; त्यांच्यावर कीटकनाशक असण्याचा संभव असतो. कात टाकण्यापूर्वी ती खाणे सोडते. त्या काळात जिवंत भक्ष्य पेटीत राहिल्यास ते मऊ पडलेल्या गोमीलाच कुरतडू शकते. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेल्या मादीला त्रास दिल्यास ती स्वतःची अंडी खाऊन टाकते.

दंश

गोम चावते ती जबड्याने नव्हे, तर पायांच्या पहिल्या जोडीपासून बनलेल्या विषनख्यांनी. तीव्र वेदना व सूज येते. जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवल्यास बहुधा आराम पडतो. श्वास लागणे, अंगावर गांधी उठणे किंवा चक्कर येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. गोम हाती घेण्याचा प्राणी नाही. पेटी साफ करताना तिच्यावर पारदर्शक बरणी पालथी घालून खालून जाड पुठ्ठा सरकवावा.