आंब्याचे थर आणि घराबाहेरची भट्टी

फिलिपिन्समध्ये नाताळ असो, गावच्या संताचा उत्सव असो की घरातला वाढदिवस, जेवणाच्या शेवटी ‘मँगो फ्लोट’ हमखास येतं. चौकोनी भांड्याच्या तळाशी ग्रॅहम बिस्किटं, त्यांवर कंडेन्स्ड मिल्क घालून फेटलेलं क्रीम, त्यावर पिकलेल्या ‘काराबाओ’ जातीच्या आंब्याच्या पातळ फोडी. मग पुन्हा बिस्किटं, पुन्हा क्रीम, पुन्हा आंबा. भांडं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की बिस्किटं क्रीममधला ओलावा पिऊन मऊ होतात आणि दुसऱ्या दिवशी केकसारखे तुकडे पडतात. यात ओव्हन कुठेच लागत नाही, म्हणून हा पदार्थ झटपट आणि सोपा, जवळजवळ स्वयंपाकातली पळवाट समजला जातो. मला ही समजूत चुकीची वाटते. अशा थरांच्या थंड गोडाला भट्टी लागतेच, फक्त ती खाणाऱ्याच्या घरात नसते. ती कुठे होती, कोणाची होती आणि तिच्यापर्यंत कोणाचा हात पोचत होता, हाच या पदार्थाचा खरा इतिहास आहे.

आधी साधी गोष्ट पाहू. कच्चं पीठ गार करून खाण्याजोगं होत नाही. त्यातला स्टार्च फुगून शिजायला साठ-सत्तर अंश सेल्सिअसची उष्णता लागते, म्हणजे बिस्किटाचा थर कुठेतरी भाजूनच आलेला असतो. कंडेन्स्ड मिल्कची गोष्टही तीच. अमेरिकेच्या गेल बॉर्डननं १८५६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात दूध तापवून त्यातलं पाणी उडवायचं आणि साखरेच्या आधारानं ते टिकवायचं, ही ती रीत. राहिलं क्रीम. त्यातली चरबी थंडीनं थोडी घट्ट झालेली असेल तरच ते फेटल्यावर हवा धरून ठेवतं. मनिलाच्या तीस अंशांत ते फुगण्याऐवजी फुटतं. म्हणजे या तीन जिनसांपैकी दोन विस्तवातून आलेल्या आणि तिसरी यंत्रानं बनवलेल्या थंडीवर उभी. घरातला विस्तव वाचला, कारण बाहेर कोणीतरी तो आधीच पेटवला होता.

यावर एक रास्त आक्षेप येईल. थरांची थंड गोडं कारखान्यांपेक्षा जुनी आहेत, इंग्लंडातलं ट्रायफल अठराव्या शतकातही होतं, मग त्यांचा संबंध कारखान्याशी कशाला जोडायचा? आक्षेप खरा आहे, पण त्या जुन्या पदार्थांकडे नीट पाहिलं तर ते माझ्याच बाजूनं बोलतात. ट्रायफलच्या तळाशी मद्यात भिजवलेली बिस्किटं किंवा केक असायचा, म्हणजे भट्टीवाल्यानं आधी भाजलेला माल. फ्रेंच आचारी मारी-आंत्वान कारेम (१७८४–१८३३) याच्या नावावर असलेलं ‘शार्लोट रूस’ घ्या. साच्याला आतून बोटांसारखी लांबट बिस्किटं लावायची, मधे जिलेटिननं बांधलेलं क्रीम ओतायचं आणि सगळं बर्फात गोठवायचं. साचा भट्टीत जात नाही हे खरं, पण बिस्किटं भट्टीतूनच येतात, आणि उन्हाळ्यात बर्फ पुरवणारं बर्फघर कोणाच्या वाड्यात होतं ते सांगायला नको. कारेमचे मालक राजे आणि मुत्सद्दी होते. भट्टी आणि थंडी दोन्ही विकत घेऊ शकणाऱ्यांचं हे गोड होतं.

थंडी स्वस्त झाली ती आधी निसर्गाच्या बर्फानं. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८०६ मध्ये न्यू इंग्लंडच्या तळ्यांवरचा बर्फ कापून मार्टिनिक बेटावर पाठवला, आणि १८३३ मध्ये त्याचं ‘टस्कनी’ जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोचलं. निघताना १८० टन असलेल्या बर्फापैकी सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबईतही अमेरिकी बर्फासाठी बर्फघर उभं राहिलं. पण तो बर्फ साहेबांच्या आणि शेटियांच्या मेजवान्यांपलीकडे फारसा गेला नाही. अमेरिकेत मात्र बर्फवाला दारोदार फिरू लागला, जस्ताचा पत्रा लावलेली लाकडी बर्फपेटी साध्या घरांत आली आणि बिस्किटं व क्रीम यांचे थर त्या पेटीत मुरवून केलेला केक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तिकडे रूढ झाला. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं विजेचा घरगुती फ्रीज बाजारात जोरात आणला आणि त्याच वर्षी बॉस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख ॲलिस ब्रॅडली यांचं विजेच्या फ्रीजमधल्या पाककृतींचं पुस्तक त्या कंपनीसाठी निघालं. यंत्राबरोबर पदार्थही विकायला निघाले होते.

आता मनिला. १८९८ मध्ये स्पेनकडून फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि १९०२ मध्ये पासिग नदीकाठी सरकारी बर्फ कारखाना उभा राहिला. त्याचं उंच धुरांडं पुढे कित्येक दशकं शहराची खूण होतं. बर्फ बनवणाऱ्या कारखान्याला धुरांडं असावं, हे मला फार बोलकं वाटतं: कोळसा जाळल्याशिवाय ती थंडी तयारच होत नव्हती. १९०१ मध्ये ‘थॉमस’ जहाजातून अमेरिकी शिक्षकांची मोठी तुकडी आली, शाळांतून गृहशास्त्र शिकवलं जाऊ लागलं, आणि डबाबंद दूध, बिस्किटं, डब्यातली फळं बाजारात आली. घरात मात्र ओव्हन नव्हता. पावासाठी गल्लीतल्या पानादेरियाची, म्हणजे बेकरीची, लाकडावर चालणारी विटांची भट्टी होती, आणि बिबिंगका हा तांदळाच्या पिठाचा केक मातीच्या भांड्यात खाली-वर निखारे ठेवून भाजला जायचा. ही उणीव मारिया ओरोसा यांनी नेमकी ओळखली होती. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकून परतलेल्या या अन्नशास्त्रज्ञ बाईंनी वीज नसलेल्या खेड्यातल्या घरांसाठी मातीच्या मडक्याचा ओव्हन तयार केला. केळ्याचं केचप हीही त्यांचीच देणगी. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला. भाजण्याची सोय गरीब घरापर्यंत नेण्याची त्यांची वाट मला आजही मोलाची वाटते. पण युद्धानंतर गोडाच्या बाबतीत देश दुसऱ्याच वाटेनं गेला. भट्टी घरात आणण्याऐवजी भाजलेला माल पाकिटातून आला आणि त्याला मुरवायला फ्रीज आला. शिवाय देशात दुधाचा धंदा लहान. म्हशीच्या दुधाच्या पास्तियास वड्या बुलाकानमध्ये होत असत, तरी शहरांची गरज भागवणारं दूध आणि क्रीम बाहेरूनच येत राहिलं. ताज्या सायीऐवजी डबा का, याचं उत्तर आवडीत शोधण्याआधी या तुटीत शोधावं लागतं.

तरीही कोणी म्हणेल की ही सारी कंपन्यांची करामत आहे. पाकिटामागे छापलेली कृती लोकांनी गिरवली, यात इतिहास कसला? कंपन्यांचा हात नाकारता येणार नाही. पण कंपनीला बिस्किट खपवायचं असतं, त्यावर कोणतं फळ बसेल हे ती ठरवू शकत नाही. अमेरिकेत बर्फपेटीतल्या त्या केकचं सर्वांत ओळखीचं रूप चॉकलेट बिस्किटांचं. फिलिपिन्समध्ये मधे आला तो घरचा आंबा. मेक्सिकोतही याच घराण्यातली ‘कार्लोता’ होते. मारी बिस्किटं, कंडेन्स्ड मिल्क आणि लिंबाचा रस थरांत घालायचा. आंबटपणानं दूधच घट्ट होतं, जिलेटिनही लागत नाही. तिथे आंबा घालूनही ती करतात, आणि ज्या आंब्याला मेक्सिकोत ‘मनिला’ म्हणतात तो पूर्वी आकापुल्कोला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांच्या वाटेनं फिलिपिन्सहूनच गेलेला आहे. माल सगळीकडे एकाच तऱ्हेचा, पण पदार्थ जागोजागी वेगळा. नुसत्या जाहिरातीनं हे घडत नाही.

आपल्याकडेही हीच साखळी दिसते. मराठी घरात ओव्हन नव्हता. नानकटाईसाठी पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि तिथल्या भट्टीत ती भाजून आणायची, ही रीत अनेकांना ठाऊक आहे. लंडनच्या पीक फ्रीननं १८७४ मध्ये रशियाच्या राजकन्येच्या लग्नानिमित्त काढलेलं मारी बिस्किट भारतात चहासोबतचं घरचं बिस्किट झालं. पार्ल्याच्या कारखान्यात १९३९ पासून बिस्किटं बनू लागली आणि १९५८ मध्ये गोदरेजनं फ्रीज बनवायला घेतला. त्यानंतरच मारी, क्रीम आणि आंब्याच्या थरांचं पुडिंग आपल्या मध्यमवर्गात शक्य झालं. त्याआधी आपलं थंड आंब्याचं गोड म्हणजे आम्रखंड, आणि त्यात थर नाहीत याचं कारण उघड आहे: चक्क्याला भट्टीच्या मालाची गरज नाही. माझ्या युक्तिवादाला हा उलट बाजूनं मिळणारा पुरावा आहे. भाजणं जिथे खरोखर वगळलं, तिथे पदार्थाची घडणच वेगळी झाली.

मग घरातल्या बाईच्या हाताचं यात काय उरलं? बरंच उरलं, आणि ते कमी लेखणं मला अन्यायाचं वाटतं. क्रीम किती गार असताना फेटायचं, आंबा देठाशी किती मऊ लागला की कापायचा, बिस्किटांत फटी न ठेवता थर कसा लावायचा आणि किती तास थांबायचं, हे पाकीट सांगत नाही. कच्चा आंबा सगळं भांडं आंबट करतो, फार पिकलेला पाणी सोडतो आणि तुकडा कोसळतो. ताजं फळ हा यातला एकमेव थर आहे जो विस्तवाला न लागता येतो, म्हणून सगळं कसब त्याच्याभोवती गोळा होतं. पण फिलिपिन्समध्ये आंब्याचा मुख्य हंगाम मार्च ते जून आणि नाताळ डिसेंबरात. त्यामुळे सणाच्या भांड्यात पुष्कळदा डब्यातली मिश्र फळं पडतात. आपल्याकडे दिवाळीत तेच काम रत्नागिरीच्या डबाबंद आमरसाकडून होतं. तो रस टिकावा म्हणून आधी तापवलेला असतो, आणि अशा भांड्यात मग विस्तवाबाहेरचा एकही थर राहत नाही.