टेस, ढकलगाडी आणि १८९१ सालची कात्री

आज बोलायचंय बीबीसीच्या २००८ सालच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ या चार भागांच्या मालिकेबद्दल. पण सुरुवात एका ढकलगाडीपासून करू.

दक्षिण इंग्लंडमधला डॉर्सेट परगणा. पावसानं रस्त्यावर पाणी साचलंय. डेअरीत दूध काढणाऱ्या चार मुली नटूनथटून चर्चला निघाल्यात. एंजल क्लेअर नावाचा तरुण एकेकीला उचलून पाण्यापलीकडे नेतो. थॉमस हार्डीनं हा प्रसंग असा लिहिला होता. पण १८९१ मध्ये ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात कादंबरी क्रमशः छापायची ठरली आणि संपादकांना ते खटकलं. परक्या पुरुषानं मुलींना उचलायचं? मग हार्डीनं एंजलच्या हाती ढकलगाडी दिली, आणि मुली तीत बसून पलीकडे गेल्या!

इथं हसू येतं. पण त्याच कात्रीनं आणखी काय कापलं ते ऐका.

टेस ही गरीब घरातली शेतकामकरी मुलगी, जेमतेम सोळा-सतरा वर्षांची. श्रीमंत ॲलेक तिला रात्री जंगलात नेतो आणि तिथं तिच्यावर जे गुदरतं, त्यातून तिला मूल होतं. साप्ताहिकात त्या रात्रीऐवजी आलं एक खोटं लग्न: ॲलेकनं तिला फसवून लग्नाचं नाटक केलं, एवढंच. मूल तर गायबच. ते मूल मरायला टेकलेलं असताना टेस मध्यरात्री, घरातल्या पाण्यानं, स्वतःच त्याचा बाप्तिस्मा करते. कादंबरीतला हा सगळ्यात हलवून टाकणारा प्रसंग हार्डीला दुसऱ्या नियतकालिकात वेगळा छापावा लागला. आणि त्याआधी दोन मासिकांनी कादंबरी सरळ नाकारली होती बरं का. वर्षअखेरीस पुस्तक आलं तेव्हा तुकडे परत जोडले, आणि हार्डीनं मुखपृष्ठाआतल्या नावाखाली टेसला ‘शुद्ध स्त्री’ म्हटलं. वाद पेटला तो त्यावरून.

का पेटला? तेव्हाचा कायदा बघा. इंग्लंडमध्ये १८५७ च्या कायद्यानुसार बायकोनं व्यभिचार केला की नवऱ्याला घटस्फोट मिळायचा. नवऱ्यानं केला तर बायकोला तेवढं पुरायचं नाही. सोबत क्रूरता किंवा सोडून जाणं असं काहीतरी सिद्ध करावं लागायचं. हे १९२३ पर्यंत चाललं! आता लग्नाच्या रात्रीचा प्रसंग आठवा. एंजल स्वतःची जुनी भानगड कबूल करतो, टेस लगेच माफ करते. मग ती आपली गोष्ट सांगते, आणि हा गडी तिला सोडून थेट ब्राझीलला! हार्डीनं कायद्याचं कलमच नवरा-बायकोच्या खोलीत आणून बसवलंय.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. त्याच १८९१ च्या मार्चमध्ये आपल्याकडे संमतीवयाचा कायदा झाला, दहाचं वय बारा केलं, आणि त्यावरून पुण्या-मुंबईत केवढं रण माजलं होतं. ज्या खटल्यानं ती चर्चा तापवली, त्यातल्या रखमाबाई तेव्हा लंडनमध्ये डॉक्टरकी शिकत होत्या. बालपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणारी बाई त्या शहरात होती, आणि तिथल्याच साप्ताहिकात टेसचं मूल छापायला जागा नव्हती.

आता मालिका. पुस्तकातही हार्डी त्या रात्री थांबतो: धुकं, झोपलेली मुलगी, आणि प्रकरण संपतं. पुढं फक्त गावातल्या बायकांच्या तोंडून कळतं की जंगलात कुणाचे तरी हुंदके ऐकू आले होते. कॅमेऱ्याला असं निसटता येत नाही. डेव्हिड निकल्सची पटकथा आणि जेमा आर्टरटनचा चेहरा पाहताना, तिची संमती नव्हती याबद्दल मला तरी शंका उरली नाही. एडी रेडमेनचा एंजल इतका गोड आहे की त्याचा राग उशिरा येतो, आणि तेच बरोबर आहे. तक्रार एकच: सगळं फार देखणं दिसतं. गोठलेल्या जमिनीतून सलगम उपटणाऱ्या बायकांच्या हातांना भेगा पडतात हो!

शेवटाकडे टेस ॲलेकला मारते आणि फाशी जाते. यामागं एक खरी आठवण आहे. ऑगस्ट १८५६, डॉर्चेस्टर. नवऱ्याच्या खुनाबद्दल मार्था ब्राउनला चारचौघांत फाशी दिली, आणि बघ्यांच्या गर्दीत सोळा वर्षांचा हार्डी होता. पावसात लटकलेली ती काळ्या कपड्यातली आकृती त्याला ऐंशी ओलांडल्यावरही आठवत होती. १८६८ मध्ये जाहीर फाशी बंद झाली. त्यानंतर फाशी तुरुंगाच्या भिंतीआड व्हायची आणि बाहेरच्यांना कळावं म्हणून काळं निशाण चढायचं. कादंबरीत हार्डी आपल्याला टेकडीवर, भिंतीबाहेरच उभं करतो. दिसतं ते फक्त निशाण, खांबावर हळूहळू वर चढणारं.