वतन, तीर्थ आणि वंशावळ

महाराष्ट्रात घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला जी साधने आज घरबसल्या संगणकावर पाहता येतात, त्यांपैकी फारच थोडी मुळात घराण्याची आठवण राहावी म्हणून तयार झाली. तंजावरच्या भोसल्यांनी १८०३ मध्ये आपले वंशचरित्र बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविले, पण असे उदाहरण विरळ. बाकीची साधने वतन शाबीत करणे, पितरांचे श्राद्ध करणे, सारा वसूल करणे अशा व्यवहारांतून निपजली, आणि कागदावर कोणाचे नाव चढावे व कोणाचे गळावे हेही त्या व्यवहारांनीच ठरवले.

यांतला सर्वांत ठळक व्यवहार वतनाचा. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी या पिढीजात हक्कांवरून तंटा लागला की गोतसभेपुढे, म्हणजे भाऊबंद, गावकरी व वतनदार यांच्या न्यायसभेपुढे, पक्षकार आपला ‘करीना’ मांडत असे. वतन घराण्यात कसे आले आणि कोणाकडून कोणाकडे गेले याची ही हकीकत असल्याने वंशावळ तीत ओघानेच येई. जेध्यांचा करीना शिवकालाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मात्र करीना हा एका पक्षाचा दावा असतो, प्रतिपक्षाची शाखा त्यात छाटलेली असू शकते, म्हणून निवाड्याचा महजर, म्हणजे सभेचा लेखी निर्णय, मिळाल्यास तो शेजारी ठेवूनच करीना वाचावा. पुढे इंग्रजी अमलात, १८५२ च्या अकराव्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने इनामदारांकडून कैफियती मागवल्या आणि त्यांबरोबर वंशावळीही दाखल झाल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, रुमालांत म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, असे कागद आहेत. हक्क पुरुषवारसाचा असल्याने या वंशावळींत मुली सहसा दिसत नाहीत. विसाव्या शतकात छापल्या गेलेल्या कुलवृत्तांतांनी सुनांची माहेरे आणि लेकींची सासरे नोंदवून ही उणीव काही अंशी भरून काढली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड आणि कित्येक जुने कुलवृत्तांत आता इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतात.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे मोल वेगळेच आहे. श्राद्धाच्या संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरचे तीन पुरुष यांचाही उच्चार होत असल्याने, ही नावे यजमानाला ठाऊक असावी लागतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील उपाध्ये ती गाव व आडनाव यांनुसार नामावळीत उतरवून ठेवत आले. ज्या घराकडे ना वतन ना इनाम, त्याचीही पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद अशा वहीत सापडू शकते, आणि म्हणूनच हे साधन दफ्तरखान्यातील कागदांहून अधिक उदार मानले पाहिजे. अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्थेने १९७० च्या दशकापासून हरिद्वारसह काही तीर्थक्षेत्रांतील अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण केले आणि त्यांच्या प्रतिमा ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर ठेवल्या. तेथे केवळ आडनाव टाकून भागत नाही, मूळ गाव माहीत असावे लागते.

सामान्य शेतकरी कुटुंबासाठी गावदप्तर हाच खरा आधार. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी १९६७ पूर्वीचे दप्तर तपासले गेले, आणि त्यातून मिळालेल्या कागदांच्या प्रतिमा अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या; जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या सेवेवर मिळतात. यांपैकी गाव नमुना चौदा, अर्थात कोतवाल बुक, हे गावच्या जन्ममृत्यूंचे पुस्तक होय. त्याचे जुने पान बहुधा मोडीत असते, आणि जन्माच्या नोंदीत अनेकदा बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच मजकूर सापडतो, कारण बारसे होण्याआधीच नोंद झालेली असते. अशा कागदांत ‘राघोजी बिन संताजी’ म्हणजे संताजीचा मुलगा राघोजी, आणि ‘कोम’ या शब्दाने अमक्याची बायको असे समजायचे. आडनाव पुष्कळदा नसतेच. तेव्हा बापाचे नाव, गाव आणि जमिनीचा गट यांची सांगड घालूनच माणूस ओळखावा लागतो.

हीच अडचण समुद्रापलीकडे अधिक कठीण होते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी भागातून मुंबई बंदरामार्गे करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांची नोंदपुस्तके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा आणि गाव यांसारखे तपशील येतात आणि काही नोंदींसोबत छायाचित्रही असते. परंतु गावाचे नाव कारकुनाने ऐकून रोमन लिपीत लिहिलेले असल्यामुळे, कोकणातील सारख्या नावांच्या वाड्या-गावांतून नेमके ते गाव ठरेपर्यंत इकडचे कोणते दप्तर उघडावे हे कळत नाही, आणि हे काम अजून तरी त्या मुलखाची बोली जाणणाऱ्या माणसालाच करावे लागते.